जप्तीपासून लोकअदालतीपर्यंत : मालमत्ता कराच्या थकबाकीचं एक कोर्ट प्रकरण, कर विभागाच्या टेबलावरून

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. त्यांतल्या एकीच्या कर विभागात काम करताना एका औद्योगिक गाळ्याच्या थकबाकीचं प्रकरण शेवटपर्यंत सांभाळावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जप्तीचं अधिपत्र (वॉरंट) निघालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. मधल्या काळात कळलं की कर निरीक्षकाला बिलं वाटायला शिकवतात, वसुलीचं उद्दिष्ट दर आठवड्याला विचारतात, पण कोर्टात फाइल घेऊन जायचं म्हणजे काय करायचं हे कोणी बसवून सांगत नाही. ज्यांच्या टेबलावर पहिलं समन्स येऊन पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाळा ओळखता येऊ नये म्हणून आकडे सोपे करून घेतले आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘कर वसुलीचा दावा’ म्हटलं की महापालिका कोर्टात गेली असं वाटतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १२८ मध्ये वसुलीचे मार्ग दिले आहेत : बिल, मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, स्थावराची जप्ती आणि विक्री, भाड्याची अटकावणी (भाडेकरूकडचं भाडं अडवणं) आणि दावा. दाव्याच्या वाटेला कर विभाग सहसा जात नाही, कारण जप्तीचा अधिकार कायद्यानेच त्याच्या हातात दिलेला आहे. कोर्टात जातो तो थकबाकीदार, जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर. म्हणजे वसुली आपली, पण कोर्टात आपण प्रतिवादी. कर्मचाऱ्याचं सगळं काम या उलट्या जागेवरून चालतं : आपण केलेली प्रत्येक पायरी बरोबर होती हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

आमच्या गाळ्याचा वर्षाचा कर ३८,४०० रुपये. मालमत्ता कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. म्हणजे सहामाहीला १९,२००. तीन वर्षांच्या सहा सहामाह्या थकल्या होत्या, मूळ कर १,१५,२००. त्यावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. अधिपत्रात मात्र एकच एकत्रित रक्कम छापली होती. पुढे कोर्टात पहिला आक्षेप आला तो याच आकड्यावर.

अधिपत्रं काढायच्या आधीच विधी विभागाने एक चांगलं काम करून ठेवलं होतं. मोठ्या थकबाकीदारांच्या यादीवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केली होती. कॅव्हेट म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय मनाई देऊ नका’ असा अर्ज. यात कर विभागाची जबाबदारी बारीक पण महत्त्वाची आहे. ज्याच्याविरुद्ध कॅव्हेट, त्याचं बरोबर नाव आणि पत्ता आपणच द्यायचा असतो आणि त्याला कॅव्हेटची सूचना नोंदणीकृत पोस्टाने जावी लागते. पावती फाइलला लावा. कॅव्हेट ९० दिवस टिकते. ५ फेब्रुवारीला दाखल केली तर ५ मेला तिचा जीव संपतो आणि नेमकी मे महिन्यात, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायच्या तोंडावर, लोक मनाई घ्यायला धावतात. यादीच्या कडेला शेवटची तारीख लिहून ठेवा आणि गरज असेल तर आठवडाभर आधी नव्याने दाखल करायला विधी विभागाला पत्र द्या. कॅव्हेट आपोआप वाढत नाही.

मार्च २०२४ मध्ये गाळामालकाने ठाण्याला दिवाणी कोर्टात दावा टाकला : थकबाकी आपल्याला लागू नाही असं ठरवून मिळावं, आणि जप्तीला कायमची मनाई. सोबत निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. कॅव्हेट असल्यामुळे एकतर्फी हुकूम झाला नाही, आम्हाला नोटीस आली. आमच्याच एका दुसऱ्या प्रकरणात कॅव्हेट नव्हती. तिथे स्थगिती आधी मिळाली आणि कागद नंतर आले.

समन्स किंवा नोटीस आली की आवक शिक्का मारताना तारखेबरोबर वेळही टाका आणि बेलिफाच्या प्रतीवर सही करताना नाव, हुद्दा, तारीख स्पष्ट लिहा. लेखी कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत या बजावणीपासून मोजतात : ३० दिवस, आणि कोर्टाने परवानगी दिली तर जास्तीत जास्त ९०. आवक विभागातून कर विभाग, तिथून विधी विभाग, तिथून पॅनेलवरचे वकील, या प्रवासातच दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. म्हणून मूळ कागद नियमाप्रमाणे फिरू द्या, पण त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून विधी विभागाला आणि वकिलांना पाठवा. कैफियत वेळेत गेली नाही तर ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायचा, हुकूम होतो. तो उठवायला अर्ज, वर कॉस्ट (कोर्टाने भरायला लावलेला खर्च), आणि ती कॉस्ट कोणाच्या माथी हा प्रश्न पुढे लेखापरीक्षणात निघतो.

नोटिशीवर सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक असतो, १६ अक्षर-अंकांचा. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि बहुतेक वेळा हुकूमही दिसतो. प्रत्येक तारखेला कोर्ट नाक्यापर्यंत जायची गरज यामुळे उरत नाही. ज्या तारखेला आपल्याकडून काही द्यायचं आहे तेवढ्या तारखेलाच जायचं. अ‍ॅपमधला टप्पा कधीकधी उशिरा बदलतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी वकिलांच्या कारकुनाला फोन केलेला बरा. या कारकुनाशी संबंध चांगले ठेवा. कुठली तारीख खरंच चालणार आणि कुठल्या तारखेला नुसती पुढची तारीख पडणार, हे त्याला वकिलांपेक्षा आधी कळतं.

पुढचं काम परिच्छेदनिहाय अभिप्रायांचं. वादपत्रातल्या (समोरच्याने दाखल केलेल्या दाव्यातल्या) प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचं : मान्य, अमान्य, की माहिती नाही, आणि अमान्य असेल तर कुठल्या कागदावरून. ‘परिच्छेद ३ ते ११ अमान्य, कारण खोटे’ असं लिहून पाठवायची एक जुनी पद्धत आहे. त्याचा वकिलाला काडीचा उपयोग होत नाही. वादपत्रात समजा लिहिलंय की गाळा २०१९ मध्ये घेतला आणि बिल जुन्या मालकाच्या नावानेच येत राहिलं. यातलं पहिलं खरं आहे का? आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण नाव बदलण्याचा अर्जच कधी आला नव्हता. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेऊन सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) काढली, त्यात २०१९ चं खरेदीखत निघालं. मग अभिप्राय असा गेला : खरेदी मान्य, पण महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’च्या प्रकरण ८ प्रमाणे हस्तांतराची सूचना तीन महिन्यांत महापालिकेला द्यायची असते, ती दिलेली नाही. शिवाय कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा आहे, त्यामुळे नाव जुनं म्हणून मिळकत सुटत नाही. अशा एका परिच्छेदाने वकिलाचं अर्धं काम होतं. अभिप्राय मराठीतच द्या. २१ जुलै १९९८ पासून जिल्हा आणि त्याखालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. इंग्रजीत लिहिण्याच्या नादात अर्थ उलटा झालेले अभिप्राय पाहिले आहेत.

कायद्याचे मुद्दे वकील घेतात, पण त्यांना लागणारी तारीख आपल्याकडे असते. कराच्या आकारणीवर किंवा मागणीवर तक्रार असेल तर कलम ४०६ खाली अपील करायचं असतं, अपिलाचं कारण घडल्यापासून १५ दिवसांत, आणि मागितलेली रक्कम आयुक्तांकडे भरून. ठाण्यासारख्या ठिकाणी हे अपील दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं. आधी पैसे भरायची अट अनेकांना जाचक वाटते, पण ती सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अनंत मिल्स प्रकरणात, याच कायद्याच्या गुजरातमधल्या कलमावर, वैध ठरवली आहे. पैसे भरायचे टाळायचे म्हणून लोक अपिलाऐवजी साधा मनाईचा दावा करतात. तेव्हा बिल कधी पोचलं, आकारणीवर हरकत घेतली होती का, घेतली असेल तर तिचा निर्णय कधी कळवला, या तीन तारखा आपल्या अभिप्रायात पहिल्या पानावर पाहिजेत. तसंच कलम ४८७ प्रमाणे दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस महापालिकेला मिळाली होती का, हे आवक नोंदवहीतून तपासून लेखी कळवा. ‘आढळून येत नाही’ असं लिहिण्याआधी आयुक्त कार्यालय, प्रभाग कार्यालय आणि विधी विभाग या तिन्हींची आवक बघा. कोर्टात समोरच्याने पोचपावती काढली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता ज्या ठिकाणी प्रकरणं खरोखर जिंकली-हरली जातात ते : बजावणीचा पुरावा. प्रकरण ८ च्या नियम ३९ खाली बिल, ४१ खाली मागणी नोटीस, ४२ खाली जप्ती, अशी ही उतरंड आहे. एका पायरीवरून दुसरीवर जाताना कायद्याने दिलेली मुदत पूर्ण झाली हे तारखांनी दाखवावं लागतं. दिवस मोजताना बजावणीचा दिवस धरू नका. आमच्या फाइलमध्ये सहापैकी चार सहामाह्यांच्या बिलांची बजावणी वहीत सही होती, पण सहीखाली नाव नव्हतं. एका सहामाहीला नुसतं ‘दिले’ असा शेरा. एकीला काहीच नाही. मागणी नोटिसा मात्र दोन वर्षं पोस्टाने गेलेल्या, पोचपावत्या जागेवर. शेवटची नोटीस शटरला चिकटवलेली, पंचनाम्यासह.

या वह्या वाचताना काळजात धस्स होतं. कारण वर्षानुवर्षं बिलं खरोखर वाटलेली असतात, वाटणारा शिपाई कधीच निवृत्त झालेला असतो आणि कागदावर मात्र एक गिरगोटी उरलेली असते. कोर्ट गिरगोटीला विचारतं : ही सही कोणाची? म्हणून आज जे बिलं वाटतायत त्यांच्यासाठी. घेणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, मालकाशी नातं (मॅनेजर, भाडेकरू, भाऊ, वॉचमन), मोबाइल क्रमांक दिला तर तो, तारीख आणि वाटणाऱ्याची सही. कोणी घेत नसेल तर ठळक जागी चिकटवायचं. पंचनाम्यावर दोन पंच, पत्ते पूर्ण, आणि शक्यतो पंच आपल्याच कार्यालयातले नकोत. उलटतपासात ‘पंच तुमचेच कर्मचारी ना?’ हा प्रश्न हमखास येतो. फोटोत चिकटवलेला कागद आणि गाळ्याचा नंबर एकाच चौकटीत दिसला पाहिजे. नुसत्या शटरचा फोटो कुठल्याही शटरचा असू शकतो.

खातेउतारा. संगणकातून निघणारा उतारा बहुधा ‘एकूण थकबाकी’ आणि ‘एकूण शास्ती’ अशा दोन ओळींत असतो. तो तसाच जोडू नका. सहामाहीनिहाय तक्ता करा : बिल क्रमांक, बिलाची तारीख, बजावणीची तारीख, मूळ रक्कम, शास्ती कुठल्या महिन्यापासून, किती महिने, किती रुपये, भरणा असेल तर पावती क्रमांक. १९,२०० वर महिन्याला २ टक्के म्हणजे ३८४, तीस महिने झाले तर ११,५२०. कोणालाही बोटांवर पडताळता आलं पाहिजे. आमचा तक्ता केला तेव्हा संगणकातली शास्ती आणि हातची शास्ती जुळेना. कारण निघालं की मधे मालकाने एक धनादेश दिला होता, तो वटला नाही, पावती रद्द झाली, पण त्या दोन महिन्यांची शास्ती संगणकाने लावलीच नव्हती. रक्कम लहान, पण फरक आपण आधी सांगितला तर ती चूक ठरते, समोरच्याने काढला तर सगळा उताराच संशयात जातो. (धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा मार्गही असतो, पण बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. मेमो रोखपालाच्या ड्रॉवरमध्ये पडून ते ३० दिवस संपतात, हे नेहमीचं.)

संगणकीय उतारा पुराव्यात जायचा तर प्रमाणपत्र लागतं. आमचा दावा मार्च २०२४ चा, म्हणून जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब लागू झालं. १ जुलै २०२४ पासून दाखल झालेल्या प्रकरणांना भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि तिथे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ नोंदी सांभाळणाऱ्याने द्यायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा संगणकीय ठसा) टाकावं लागतं. संगणक विभागाला हे ऐनवेळी सांगितलं तर तारीख जाते. सही कोण करणार हे आधीच लेखी ठरवून घ्या.

जून २०२४ मध्ये मुदतवाढीत कैफियत गेली. तिच्या सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या कथनावर) आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याकडे आयुक्तांचं प्राधिकारपत्र हवं, आणि वकीलपत्रावरही अधिकृत सही हवी. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, २००४ च्या शासन अधिसूचनेने तो माफ आहे. तरी कोर्टाबाहेर ‘पाचशेचा घ्या’ म्हणणारे भेटतात. साध्या कागदावर टंकलेखन करा. खर्च येतो तो झेरॉक्सचा आणि नोटरीचा, आणि झेरॉक्स बरीच होते, कारण कोर्टाला एक संच, समोरच्याला एक, वकिलांना एक आणि आपल्या नस्तीला एक. पावत्या ठेवा, आगाऊ रक्कम काढता येते का ते लेखा विभागाला विचारा. नाहीतर महिनोन्महिने स्वतःच्या खिशातून चालतं.

कागद द्यायचे ते फेरिस्तीसह, म्हणजे कागदांच्या यादीसह. फेरिस्तीत क्रम, कागदाचं वर्णन, तारीख, मूळ की नक्कल आणि पानं. एरवी मामुली वाटणारं पृष्ठांकन इथे कामाला येतं. न्यायाधीशांनी ‘पान ४२’ म्हटलं की आपल्या संचातही तेच पान उघडलं पाहिजे. मूळ मागणी रजिस्टर कोर्टात ठेवून यायचं नाही. ते दाखवायचं, नक्कल पडताळून घ्यायची, मूळ परत आणायचं आणि रजिस्टर बाहेर गेल्याची-आल्याची नोंद कार्यालयात करायची. आमच्याकडे एकदा याच रजिस्टरची गरज दुसऱ्या कोर्टात त्याच दिवशी पडली. वकिलांनी पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन एक दिवस मागून घेतला, काम निभावलं.

निशाणी ५ वर ऑगस्टमध्ये हुकूम झाला. मनाई मिळाली, पण अटीवर : मूळ कराच्या निम्मे, म्हणजे ५७,६०० रुपये चार आठवड्यांत महापालिकेकडे भरायचे. असा सशर्त हुकूम आला की त्या दिवशी करायची कामं पटापट सांगतो. हुकुमाची प्रत अ‍ॅपवरून काढा, वसुली पथकाच्या प्रत्येकाला लेखी द्या आणि सही घ्या. पथकाच्या मोबाइल यादीतून तो मालमत्ता क्रमांक काढून टाका. मनाई असताना कोणी जाऊन गाळा सील केला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ खाली तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे आणि ‘पथकाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. दुसरं, रोखपालाला कळवा की या क्रमांकावर अर्धी रक्कम घ्यायची आहे. आमच्या संगणकप्रणालीत आंशिक भरणा बंद होता. मालक धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) घेऊन खिडकीवर उभा आणि संगणक पैसे घेईना. अशा वेळी पैसे नाकारले तर अट मोडली कोणी? विशेष परवानगीने भरणा घेतला आणि पावतीवर ‘न्यायालयाच्या आदेशास अधीन राहून’ असा शेरा टाकला. तिसरं, चार आठवडे संपले त्या दिवशी भरणा झाला की नाही हे वकिलांना लेखी कळवा, झाला तरी आणि नाही झाला तरी.

दावा चालू आहे म्हणून पुढची बिलं थांबवू नका. मनाई होती ती त्या अधिपत्रातल्या रकमेपुरती. बऱ्याच ठिकाणी लिपिक ‘कोर्ट केस’ असा लाल शेरा मारतो आणि पुढली चार वर्षं त्या मिळकतीला बिलच जात नाही. मग दावा जिंकूनही नवी थकबाकी पहिल्यापासून बजावावी लागते. आमच्या गाळ्याला १ ऑक्टोबरचं बिल गेलं, यावेळी नव्या मालकाच्या नावाने, आणि त्यांनी हरकत राखून ते भरलंही.

डिसेंबर २०२४ ला मुद्दे निघाले, म्हणजे कोर्टाने कोणकोणते प्रश्न ठरवायचे ते नक्की झालं. आधी वादीचा पुरावा, मग आपला. पुरावा सरतपासाच्या (साक्षीदाराच्या मुख्य साक्षीच्या) प्रतिज्ञापत्राने देतात. ते वकील तयार करतात, पण सही करण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने लिहा : हे मला कशावरून माहीत? ‘मी स्वतः बजावणी केली’ असं वाक्य नजरचुकीने येतं. स्वतः केली नसेल तर ‘कार्यालयीन अभिलेखावरून’ असं करून घ्या. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर उलटतपास झाला. पिंजऱ्यात उभं राहायचं म्हटलं की वीस वर्षं नोकरी झालेल्यांचेही हात थंड पडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रश्न साधे असतात. या सहामाहीची बजावणी कोणी केली? सही कोणाची? तो माणूस कामावर होता याचा पुरावा? उत्तर माहीत नसेल तर ‘सांगता येणार नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याला ‘पण’ जोडून महापालिकेची बाजू मांडायला जाऊ नका, ते वकिलांचं काम. रजिस्टर बघून सांगू का, असं न्यायाधीशांना विचारता येतं. शेवटी टंकलेली साक्ष सहीसाठी देतात, ती शांतपणे वाचा. तारखांमध्ये ‘२०२१’चं ‘२०१२’ होऊ शकतं. निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या, कार्यालयात तो कामी येतो.

ज्या सहामाहीच्या बजावणीचा कागदच नव्हता तिच्याबद्दल साक्षीत सरळ सांगितलं की अभिलेखात बजावणीची नोंद आढळत नाही. वकिलांचा सल्ला तोच होता. मूळ कर त्यामुळे जात नाही, त्या सहामाहीच्या शास्तीचा मुद्दा मात्र कमजोर होतो. तो झाला, आणि तिथूनच तडजोडीची बोलणी सुरू झाली.

१३ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्रीय लोकअदालत होती. प्रकरण तिकडे ठेवायचं म्हणजे दोन्ही बाजूंची तयारी हवी आणि आपल्या बाजूने ती तयारी महिनाभर आधी करायची असते. शास्ती कमी करण्याचा अधिकार निरीक्षकाला नाही, अधीक्षकालाही नाही. टिपणीत प्रकरणाची हकीकत, पुराव्यातली कमजोर बाजू, वकिलांचा लेखी अभिप्राय, किती मूळ, किती शास्ती, किती सूट प्रस्तावित आणि कशामुळे, असं सगळं मांडून आयुक्तांची मंजुरी घ्या. मंजुरीत किमान आकडा लिहून घ्या. पॅनेलसमोर समोरचा वकील म्हणतोच, ‘अजून थोडं कमी करा, आत्ता सही करतो’. मंजुरीच्या खाली जाता येत नाही हे कागद दाखवून सांगता आलं की आपल्यावरचा ताण जातो. आमच्याकडे मूळ कराची उरलेली ५७,६०० पूर्ण आणि निम्मी शास्ती, तीन हप्त्यांत, असं ठरलं. तडजोड पुरसीसवर सही प्राधिकारपत्र असलेल्यानेच करावी, आणि पुरसीसमध्ये हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर माफ केलेली शास्ती परत लागेल ही अट, आणि चालू वर्षाचं बिल या तडजोडीत येत नाही हे वाक्य, या तीन गोष्टी आहेत ना ते पहा. तिसरं वाक्य आमच्या मसुद्यात नव्हतं, वकिलांनी हाताने घातलं आणि दोन्ही बाजूंनी कडेला सही केली.

लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. वादीला कोर्ट फी परत मिळते, हे समोरच्यांना आधी सांगितलं तर बोलणी जरा सैल होतात. जे प्रकरण अजून कोर्टात गेलेलंच नाही तेही दाखलपूर्व म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत ठेवता येतं. लहान थकबाकीला हा मार्ग जप्तीपेक्षा स्वस्त पडतो, असं आमचं मत झालंय. पण त्यासाठी नोटिशींची यादी वेळेत आणि पत्त्यांसह द्यावी लागते.

निवाड्यानंतरही टेबल रिकामं होत नाही. निवाड्याची प्रमाणित नक्कल काढा आणि एक प्रत लेखा विभागाला द्या, म्हणजे माफ केलेली शास्ती संगणकातून आदेशाच्या संदर्भासह वजा होईल. नुसती ‘दुरुस्ती’ म्हणून वजा केली तर लेखापरीक्षक दोन वर्षांनी विचारतो. जप्ती उठवल्याचं पत्र शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच द्या आणि जप्तीची सूचना ज्यांना ज्यांना पाठवली होती, सोसायटी असो की दुय्यम निबंधक, त्या सगळ्यांना उठवल्याचीही पाठवा. हप्त्यांच्या तारखा नस्तीच्या मुखपृष्ठावर लिहा. तुमची बदली झाली तरी पुढच्या माणसाला दिसल्या पाहिजेत. हप्ता चुकला तर निवाड्यावर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) करता येते, मुदत बारा वर्षांची आहे. तेव्हा घाईने जुनंच अधिपत्र काढून पथक पाठवू नका, आधी वकिलांना हिशोबाचा तक्ता द्या आणि दरखास्तीत कुठली रक्कम मागायची ते लेखी ठरवून घ्या.